जळगावात मापाने बनवून घेतलेला रोपांचा एलईडी दिवा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

खानदेशात मार्च संपत आला की घरे दिवसा अंधारी होतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास खिडक्या लावायच्या, जाड पडदे ओढायचे, कूलर सुरू करायचा आणि ऊन उतरेपर्यंत घर उघडायचे नाही, ही रीत जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे अशी सगळीकडे सारखीच आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा ती शहाणपणाचीही आहे. मात्र या रीतीत घरातल्या झाडांची सोय कुणी पाहिलेली नसते. बाहेर ठेवली तर दोन दुपारींत पाने भाजून निघतात आणि आत ठेवली तर तीन महिने त्यांना उजेडच मिळत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत एप्रिलमधल्या भर दुपारी, पडदे ओढलेले असताना, उजेड मोजणाऱ्या लक्समीटरने जेमतेम १४० लक्स दाखवले होते. त्याच वेळी अंगणात सुमारे एक लाख लक्स ऊन होते. आपल्या डोळ्यांना त्या खोलीत वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून आपल्याला तिथे पुरेसा उजेड आहे असे वाटते. झाडाच्या दृष्टीने ती खोली जवळजवळ काळोखी असते.

या अडचणीवर उपाय म्हणून मी यंदा फेब्रुवारीत आमच्या एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपकडून दोन एलईडी पॅनेल मापाने बनवून घेतली. पाच महिने ती रोज वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. बाजारात तयार दिवे भरपूर मिळतात, मग बनवून का घ्यावे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर मागच्या वर्षीच्या अनुभवात आहे, म्हणून आधी तो थोडक्यात सांगते.

मागच्या एप्रिलमध्ये मी ऑनलाइन एक दिवा मागवला होता. खोक्यावर ‘१००० वॅट’ असे ठळक छापलेले होते आणि किंमत ३,२०० रुपये होती. सॉकेटला लावायच्या वॅटमीटरवर त्याचा प्रत्यक्ष वापर १०८ वॅट निघाला. प्रत्येक डायोड, म्हणजे दिव्यातला उजेड देणारा बारीक ठिपका, जास्तीत जास्त किती शक्ती सोसू शकेल ते धरायचे, त्याला डायोडच्या संख्येने गुणायचे आणि ती बेरीज खोक्यावर छापायची, असा हा हिशेब असतो. डायोड प्रत्यक्षात त्याच्या दशांशाने चालवलेला असला तरी आकडा मात्र हजाराचाच राहतो. दिव्याचा उजेड जांभळा होता. त्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते, पिवळे पडू लागलेले पानही काळपटच दिसते, आणि त्यामुळेच वांग्याच्या रोपांवर लाल कोळी ही कीड आलेली मला आठवडाभर कळलीच नाही. पानांच्या बेचक्यांत जाळी दिसू लागली तेव्हा रोपे दिवसाच्या उजेडात नेऊन पाहिली आणि मग सारा प्रकार लक्षात आला. पुढे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी दिवा विझला तो कायमचाच. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो उघडला तेव्हा डायोड सगळे धड होते. ड्रायव्हरमधल्या, म्हणजे डायोडना हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागातल्या, कपॅसिटरची डोकी मात्र फुगली होती. विक्रेत्याने ‘अतिउष्ण जागी वापर’ हे कारण देऊन वॉरंटी नाकारली. ही अतिउष्ण जागा म्हणजे आमची राहती खोली होती.

जळगावची एमआयडीसी पाइप, चटया आणि डाळमिल यांसाठी ओळखली जाते. त्याच वसाहतीत हे वर्कशॉप आहे. तिघे जण काम करतात. रस्त्यावरचे एलईडी दिवे जोडणे आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करणे हा त्यांचा रोजचा धंदा. मी त्यांच्याकडे गेले त्याचे कारण असे की, त्यांनी केळीच्या रोपांच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत मांडणीवरच्या ट्यूबलाइट काढून एलईडी पट्ट्या बसवून दिल्या होत्या. केळीच्या या पट्ट्यात टिश्यू कल्चर हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सहज असतो, पण त्या रोपांचे सुरुवातीचे आयुष्य बंद खोलीत, मांडणीवर, दिवसाला सुमारे १६ तासांच्या कृत्रिम उजेडात जाते, हे फार लोकांनी पाहिलेले नसते. ज्या माणसाने असे काम केले आहे, त्याला रोपाच्या दिव्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही, असा माझा अंदाज होता आणि तो खरा ठरला.

मी किती वॅटचा दिवा हवा ते सांगायच्या तयारीने गेले होते. वर्कशॉपच्या मालकाने पहिला प्रश्न वेगळाच विचारला. “ताई, तुमची खोली मे महिन्यात दुपारी किती तापते?” कूलर चालू असला तर ३३-३४ आणि वीज गेली तर ३९-४० अंश, असे मी सांगितले. त्यांनी कागदावर ४२ लिहिले आणि त्याभोवती गोल केला. “आपण ४२ धरून चालू. डायोड सहसा मरत नाही, ड्रायव्हर मरतो, आणि तो उष्णतेनेच मरतो.” या एका प्रश्नामुळे मला या माणसाकडून काम करून घ्यावेसे वाटले. खानदेशासाठी दिवा बनवायचा तर त्याची रचना उष्णतेपासून सुरू व्हायला हवी, हे माझे ठाम मत आहे आणि गेल्या वर्षी ते मी ३,२०० रुपये देऊन शिकले आहे.

दुसरा प्रश्न जागेचा आणि झाडांचा होता. माझी मांडणी दोन कप्प्यांची, प्रत्येक कप्पा १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सुमारे ०.५४ चौरस मीटरचा. एका कप्प्यात मेथी, कोथिंबीर आणि पावसाळ्यासाठी वांग्या-मिरचीची रोपे, दुसऱ्यात घरातली शोभेची झाडे. इथून पुढचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर मांडला आणि तो सविस्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण असा हिशेब समोर ठेवणारा विक्रेता मला आजवर दुसरा भेटलेला नाही.

उजेड माणसाला किती लख्ख दिसतो याच्याशी पानाला काही देणेघेणे नसते. दर सेकंदाला पानाच्या दर चौरस मीटरवर उपयोगी प्रकाशकण किती पडतात, हे पानाच्या दृष्टीने महत्त्वाचे. उपयोगी म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे. हे कण मायक्रोमोलमध्ये मोजतात आणि या मापाला पीपीएफडी म्हणतात. भर दुपारच्या कडक उन्हात हा आकडा २००० च्या आसपास असतो. रोपांना आणि पालेभाजीला इतक्याची गरज नसते. जास्त तास उजेड देता येत असेल तर २०० वर त्यांचे चांगले भागते. कप्प्याचे क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर, म्हणजे पानांवर दर सेकंदाला सुमारे १०८ मायक्रोमोल पडायला हवेत. दिव्यातून निघालेल्या उजेडापैकी साधारण एक चतुर्थांश बाजूंनी वाया जातो असे धरले, तर दिव्यातून १४० च्या जवळपास निघायला हवेत. चांगला डायोड हलक्या हाताने चालवला तर एका ज्यूल विजेत (एक वॅट, एक सेकंद) साधारण २.४ मायक्रोमोल देतो. म्हणजे डायोडना सुमारे ५८ वॅट लागतील आणि ड्रायव्हरची घट धरून भिंतीच्या सॉकेटमधून ६४-६५ वॅट घेतले जातील. ‘१००० वॅट’च्या खोक्याशेजारी हा ६४ चा आकडा किती लहान वाटतो! मात्र हा आकडा खरा आहे आणि माझ्या वॅटमीटरवर तो जसाच्या तसा निघाला: एका पॅनेलला ६४, दुसऱ्याला ६३.

रंगाच्या बाबतीत माझा आग्रह पांढऱ्या उजेडाचा होता आणि सुदैवाने त्यांचेही मत तेच पडले. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि लाल उजेड शोषते, हे शाळेच्या पुस्तकात असते, आणि त्यावरूनच हिरवा उजेड पानाला निरुपयोगी असल्याचा समज पसरला. जांभळ्या दिव्यांचा सगळा व्यापार याच समजावर चालतो. पण मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली २२ पिकांच्या पानांवर घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत हिरव्या उजेडावरही पान बऱ्यापैकी काम करते हे स्पष्ट दिसले. वरच्या पानातून आरपार जाऊन खालच्या पानापर्यंत पोहोचण्यात तर हिरवा उजेड निळ्या-लालपेक्षा पुढेच असतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा डायोड आणि त्यावर निळ्या उजेडाचा काही भाग इतर रंगांत बदलणारा फॉस्फरचा पिवळसर थर. त्यामुळे त्यात निळा, हिरवा आणि थोडा लाल असे सगळेच येते. लालची जी उणीव राहते ती भरून काढण्यासाठी ६६० नॅनोमीटरचे गडद लाल डायोड मिसळायचे. माझ्या पॅनेलमध्ये ४००० केल्विनचे पांढरे आणि हे लाल, असे दोनच प्रकार आहेत. बैठकीच्या खोलीत हा उजेड किंचित गुलाबीसर पांढरा दिसतो, डोळ्यांना त्रास देत नाही, आणि मुख्य म्हणजे पान जसे आहे तसे दिसते.

त्याचा उपयोग एप्रिलमध्येच झाला. कुंडीतल्या मिरचीच्या एका पानाच्या मागच्या बाजूला, शिरेच्या कडेने, मिठाच्या कणापेक्षाही बारीक लालसर ठिपके हलताना दिसले. तेव्हा जाळी धरलेली नव्हती, पान पिवळेही पडले नव्हते. दोन दिवस पाण्याच्या बारीक फवाऱ्याने पाने खालून धुतली, मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली, आणि गेल्या वर्षी सगळी रोपे खाऊन गेलेली कोळी यंदा त्या एका कुंडीच्या बाहेर गेली नाही. जांभळ्या उजेडात हे मला कधीच दिसले नसते.

डायोडची मांडणी मला विशेष आवडली. एका ओळीत १४ पांढरे आणि ३ लाल डायोड एकामागोमाग जोडलेले आहेत. पांढऱ्याला सुमारे पावणेतीन व्होल्ट आणि लालला सुमारे दोन व्होल्ट लागतात, म्हणजे एक ओळ जवळपास ४५ व्होल्टवर चालते. एका पॅनेलमध्ये अशा १६ ओळी, प्रत्येकीत ८० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण २७२ डायोड आणि एकच ड्रायव्हर. लाल आणि पांढरे वेगवेगळे ठेवले असते तर दोन ड्रायव्हर लागले असते आणि बिघडण्याच्या जागाही दोन झाल्या असत्या. समांतर ओळींमध्ये एक धोका असतो. डायोड जास्त तापला की त्याला लागणारा व्होल्टेज कमी होतो, त्या ओळीतून जास्त करंट वाहू लागतो आणि ती आणखी तापते. हे टाळण्यासाठी प्रत्येक ओळीत १० ओहमचा छोटा रेझिस्टर टाकलेला आहे. त्यात वीज जाते ती नगण्य, आणि ओळी एकमेकींशी जुळवून घेतात. डायोड त्यांच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी करंटवर चालवले आहेत. संख्या वाढते, खर्च वाढतो, पण डायोड गार राहतो, आणि गार डायोड त्याच विजेत जास्त उजेड देतो व जास्त वर्षे टिकतो.

आता उष्णतेविषयी. पॅनेल म्हणजे एक सलग पत्रा नसून चार फुटांच्या चार ॲल्युमिनियम चॅनेल आहेत आणि त्यांच्यात चार-चार बोटांचे अंतर आहे. तापलेली हवा त्या फटींमधून वर निघून जाते. सलग पत्रा असता तर ती खालीच कोंडली असती आणि सारा ताप रोपांच्या डोक्यावर साचला असता. पंखा नाही. खानदेशातल्या धुळीत पंख्याची जाळी महिन्याभरात भरते आणि पंखा थांबला की दिवा भाजतो, म्हणून पंखा टाळला हे योग्यच झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्रायव्हर पॅनेलवर बसवलेला नाही. दीड मीटर वायर सोडून तो मांडणीच्या बाहेर, भिंतीच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला आहे. खोलीतली सर्वांत गार हवा तिथे असते. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरच्या बाबतीत एक ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले तर आयुष्य साधारण दुपटीने वाढते. केवळ जागा बदलून एवढा फायदा होत असेल, तर बाजारातले बहुतेक दिवे ड्रायव्हर डायोडच्या पाठीवरच का चिकटवतात, हे मला अजून उमगलेले नाही. शिवाय ड्रायव्हर ७५ वॅट क्षमतेचा घेतला आहे आणि चालतो ५८ वर. मे महिन्यात एकदा दुपारी वीज जाऊन आली, खोली ३८ अंशांवर होती, तेव्हा मी तापमापकाचा स्पर्शक चॅनेलला लावून पाहिला. तासाभराने ४६ अंश भरले. हात ठेवता येतो इतपत ते गरम होते. मागच्या वर्षीच्या दिव्याला त्याच खोलीत बोट टेकवता येत नव्हते.

पॅनेल बसवायला ते स्वतः आले आणि दिवा लावण्याआधी त्यांनी सॉकेटचे अर्थिंग तपासले. ते बंद निघाले. “अर्थिंग करून घ्या, मग मी दिवा लावतो. खाली पाणी आहे, वर धातू आहे,” असे सांगून ते त्या दिवशी काम न संपवता परत गेले. दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतल्यावर पुन्हा आले. वेळ गेला, पण असा माणूस मला हवा होता. त्यांनी ड्रायव्हरच्या आधी सर्ज प्रोटेक्टरही लावून दिला. वळवाच्या पावसात विजा कडाडताना आमच्या भागात व्होल्टेज कसे उड्या मारते ते सर्वांना ठाऊक आहे. यंदाच्या दोन वादळांत शेजारच्या घरातला एक बल्ब गेला, हे दिवे टिकले.

उजेडाचे मोजमाप मात्र मला पूर्ण समाधानकारक वाटले नाही. त्यांच्याकडे मायक्रोमोल मोजणारे उपकरण नाही, कारण ते महाग असते; लक्समीटर आहे. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत एका मायक्रोमोलला साधारण ६५ ते ७० लक्स धरतात आणि लाल मिसळला की हा आकडा थोडा खाली येतो. पॅनेलपासून ३० सेंटिमीटर खाली, कप्प्याच्या मध्यभागी १२,००० लक्स भरले, म्हणजे १९० मायक्रोमोलच्या आसपास. हे ठरल्याप्रमाणे झाले. पण दोन्ही टोकांना ८,५०० वर काटा आला. चारही चॅनेलवर डायोड समान अंतरावर लावल्यामुळे मध्यभागी सगळीकडून उजेड येतो आणि टोकांना एकाच बाजूने. टोकांकडे डायोड दाट लावले असते तर हे टळले असते. तूर्त मी दोन्ही टोकांना पांढरे पीव्हीसी शीट उभे केले आहे आणि ट्रे दर तीन दिवसांनी फिरवते. शीट लावल्यावर टोकांचा आकडा १०,००० च्या जवळ आला. हे मला सुचवावे लागले, त्यांना आधी सुचायला हवे होते.

रोपांविषयी. मेथी चोविसाव्या दिवशी खुडण्याजोगी झाली. पाने लहान पण दाट हिरवी आणि चव पूर्ण. कोथिंबिरीने सुरुवातीला निराशा केली. मी दिवा रोज १४ तास ठेवला होता आणि तिसाव्या दिवसापासून ती दांडे काढून फुलोऱ्यावर जाऊ लागली. यात दिव्याचा दोष नाही. दिवस मोठा झाला की कोथिंबीर फुलाकडे वळते, हा तिचा स्वभाव आहे, आणि १४ तासांचा दिवस तिच्यासाठी मोठा होतो. पुढच्या वेळी ११ तास ठेवला, तेव्हा चाळीस दिवसांपर्यंत ती पानावर राहिली. म्हणून एकाच टायमरवर सगळी झाडे ठेवू नयेत असे मी सुचवेन. शोभेच्या झाडांना मी १० तास देते. मनीप्लांटची नवी पाने आता जुन्या पानांएवढीच मोठी येतात. मागच्या तीन उन्हाळ्यांत ती दरवेळी लहान होत गेली होती.

खरे समाधान वांग्याच्या रोपांनी दिले. असोद्याकडचे भरिताच्या वांग्याचे बी होते, माझ्या भावाने स्वतःच्या झाडावरून धरलेले. १० मे रोजी ६० बिया लावल्या, ५१ उगवल्या. तुलनेसाठी आणखी १२ रोपे मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. महिन्याभराने खिडकीतली रोपे लांबुडकी होऊन काचेकडे झुकली आणि पाणी घातले की आडवी पडू लागली. दिव्याखालची रोपे त्यांच्यापेक्षा बुटकी, पण त्यांची देठे अगरबत्तीच्या काडीपेक्षा जाड, जांभळट छटेची आणि दोन पेरांतले अंतर अर्ध्या बोटाएवढे. १९० मायक्रोमोलची सवय असलेले रोप थेट जूनच्या उन्हात नेले तर ते दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून मी त्यांना आठ दिवस अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवले, रोज थोडे थोडे पुढे सरकवत. २४ जूनला ४७ रोपे भावाच्या शेतात लागली. लावताना तो एकेक रोप हातात घेऊन देठ दाबून पाहत होता. बंद खोलीत वाढलेल्या रोपांवर त्याचा आधी विश्वास नव्हता. आता पुढच्या वर्षी दोनशे रोपे करून देशील का, असे त्याने विचारले आहे.

तक्रारी स्पष्टच लिहिते. पाच दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम बारा दिवसांनी मिळाले आणि मधल्या काळात मीच तीनदा फोन केला. सोबत दिलेला टायमर फिरत्या चकतीचा होता; वीज गेली की तो तिथेच थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे सुरू होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते पाहता असा टायमर देणे ही चूकच आहे. आठवड्याभरात दिवे रात्री बाराला बंद होऊ लागले. मी आत सेल असलेला डिजिटल टायमर वेगळा आणला. पॅनेलला बाजूने झालर नाही, त्यामुळे समोर खुर्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड थेट शिरतो. पाहुणे आले की मला दिवा बंद करावा लागतो. चॅनेलच्या टोकांच्या कडा कापलेल्या तशाच धारदार राहिल्या आहेत आणि ट्रे काढताना माझ्या मनगटाला दोनदा ओरखडा आला. कूलरच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या क्षारांचा पांढरा थर डायोडवर बसतो, तो पंधरवड्यातून एकदा, दिवा बंद करून, किंचित ओल्या कापडाने पुसावा लागतो. डायोडवर पारदर्शक वॉर्निश मारलेले असल्याने ते करता येते, पण हे मला कुणी सांगितले नव्हते, वापरतानाच कळले. डायोडचा तांत्रिक कागद मागितला तेव्हा त्यांनी रिळावरचे लेबल दाखवले. छापील कागद दिला असता तर मला जास्त आवडले असते.

दोन पॅनेल, दोन ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्टर आणि बसवणे मिळून ७,८०० रुपये झाले. बिल पक्के मिळाले आणि ड्रायव्हरची दोन वर्षांची हमी त्यावर हाताने लिहून, सही करून दिली. विजेचा हिशेब असा: दोन्ही पॅनेल १४ तास चालली तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला सुमारे ५४. घरगुती वापरात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो आणि कूलर असलेल्या घरात तो टप्पा उन्हाळ्यात केव्हाच ओलांडलेला असतो, म्हणजे हे ५४ युनिट वरच्या दरानेच मोजले जातात. केवळ मेथी-कोथिंबीर खाण्यासाठी हा खर्च करू नये, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. मे महिन्यात जुडी कितीही महाग झाली तरी बाजारातूनच आणावी. रोपे तयार करायची असतील, घरचे बी जपायचे असेल, किंवा वर्षानुवर्षे सांभाळलेली झाडे दर उन्हाळ्यात अंधारात झुरताना पाहवत नसतील, त्यांना हा खर्च सार्थकी लागेल. कारखान्यातून येणारा सुबक, चकचकीत दिवा ज्यांना हवा आहे, त्यांनी इकडे जाऊ नये. ज्यांना आपल्या खोलीचे तापमान, आपल्या मांडणीचे माप आणि आपली झाडे यांचा विचार करून बनवलेला दिवा हवा आहे आणि बारा दिवस थांबण्याची तयारी आहे, त्यांनी जरूर जावे.

मागच्या आठवड्यात मी तिसऱ्या पॅनेलची मागणी नोंदवून आले. या वेळी लांबी चार फूटच, पण दोन्ही टोकांच्या वीत-वीतभर भागात डायोड दीडपट दाट असतील, समोरच्या बाजूला चार बोटांची पत्र्याची झालर असेल आणि टायमर मी माझा देणार आहे. कडा कानसून द्यायच्या, हे त्यांनी माझ्यासमोरच भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिले आणि त्याखाली माझ्या खोलीचे ४२ अंश पुन्हा गोल करून ठेवले.